सातेरीची पेटी उघडताना डंख कसे टाळता?

केवडा

नमस्कार मंडळी,

दापोलीजवळ आमचं घर आहे. परसात माडांच्या आडोशाला सातेरीच्या, म्हणजे आपल्या देशी मधमाश्यांच्या, दोन पेट्या ठेवल्या आहेत. रीतसर प्रशिक्षण घेतलंय, त्यामुळे राणी, अंडी, अळ्या ओळखता येतात. जांभूळ फुलायला लागल्यापासून माश्या चांगल्याच वाढल्या, आणि तपासणीच्या वेळी डंख खाणंही वाढलं. बुरखा असतो म्हणून तोंड वाचतं. मनगटं आणि घोटे मात्र ठरलेले.

हातमोजे घालावेत की नाही? शिकवणारे म्हणाले सातेरीला लागत नाहीत, पण ते त्यांच्या हातांबद्दल बोलत असावेत. धूर नेमका किती द्यायचा? आणि खरी काळजी सासूबाईंची. गेल्या पावसाळ्यात त्यांना गांधीलमाशी चावली तेव्हा अंगभर पित्ताच्या गाठी उठल्या होत्या. पेट्या मागच्या दारापासून फार लांब नाहीत. मधमाशी चावली तर त्यांना तसंच होईल का?

जे स्वतः पेट्या उघडतात त्यांनी जरूर लिहा. "माश्यांवर प्रेम करा, त्या काही करत नाहीत" हा सल्ला मिळालेला आहे.

———

घाटावरचा

केवडाताई, निम्मे डंख झाकण उघडायच्या आधीच ठरलेले असतात. आमच्या जावळीत घरोघरी पेट्या आहेत. आमची म्हातारी माणसं आधी आभाळाकडे बघतात, मग पेटीकडे.

ऊन पडलेलं हवं, वारा नको, आणि रानात फुलोरा चालू असावा. सकाळी दहाच्या सुमारास चरायला जाणाऱ्या माश्या बाहेर पडलेल्या असतात. त्या वयाने थोराड, आणि अंगावर येणाऱ्याही बहुतेक त्याच. मागे राहतात त्या पिल्लं सांभाळणाऱ्या तरण्या माश्या, त्यांना भांडणात रस नसतो. मळभ आलं किंवा सर येऊन गेली की सगळ्या घरात असतात. त्या दिवशी पेटीला हात लावायचा नाही, कितीही उत्सुकता असली तरी.

उभं राहायचं पेटीच्या मागे नाहीतर बाजूला. दारासमोर उभं राहिलात की परतणाऱ्या माश्यांची वाट अडते, दोन मिनिटांत तिथे गर्दी होते आणि त्यातली एखादी हिशोब चुकता करते.

धुराचं सांगतो. आम्ही शेणी आणि नारळाचं वाळलेलं सोडण वापरतो. प्लॅस्टिकचा धागा असलेली पोती चुकूनही जाळू नका. धूर पांढरा आणि गार पाहिजे. आधी स्वतःच्या मनगटावर सोडून बघा, चटका बसला तर माश्यांनाही बसणार. दारात दोन-तीन फुंकर, थोडं थांबायचं, झाकण किलकिलं करून वरून एक हलकी फुंकर, बस. धुराने धोक्याचा वास दबतो आणि माश्या मध पिऊन घ्यायला लागतात. पण सातेरीला भसाभस धूर दिला तर ती फ्रेमवरून (पोळ्याच्या लाकडी चौकटीवरून) सैरावैरा पळते, खालच्या कडेला झुंबर करून लोंबते. वरचेवर असं झालं तर पेटी सोडून निघूनही जाते. मेलिफेरावाल्यांचे (पेटीतल्या मोठ्या युरोपीय माश्या पाळणाऱ्यांचे) व्हिडिओ बघून सातेरीला धूर देऊ नये.

फ्रेम काढताना कडेची आधी. ती बाहेर टेकवून ठेवली की बाकीच्यांना सरकायला जागा होते. मग प्रत्येक फ्रेम डब्यातला पापड काढावा तशी, सरळ वर, कुठेही न घासता. मधली फ्रेम आधी ओढलीत तर दोन्ही बाजूंच्या माश्या रगडल्या जातात. एक माशी चिरडली की तिचा वास बाकीच्यांना पुरतो. आणि फ्रेम पेटीवरच धरून बघा. बाजूला नेऊन बघितली आणि राणी गवतात पडली, तर डंखापेक्षा मोठं दुखणं.

पेटी सुताराकडून करून घेतली असेल तर माप तपासा. सातेरीच्या पोळ्यांमधलं अंतर मेलिफेरापेक्षा कमी लागतं. माप चुकलं की माश्या मधल्या फटीत आडवी पोळी बांधतात, फ्रेम उचलताना ती तुटतात, मध सांडतो, अळ्या फाटतात. मग शांत वसाहतही चिडते, आणि आपण म्हणतो माश्या वाईट.

हातमोजे मी घालत नाही. त्यावर इथे वाद होणार हे माहीत आहे.

———

कडू_कारलं

सर्वात सोपा उपाय: मध दुकानातून आणावा. (पळतोय. बुरखा नाही.)

———

यारा_काठी

मेलबर्नहून. इथे सगळ्या मेलिफेराच, त्यामुळे घाटावरचा यांचं सातेरीचं ज्ञान माझ्याकडे नाही. हातमोज्यांबद्दल मात्र त्यांच्याशी अर्धी सहमत.

जाड चामड्याचे मोजे मीही सोडले. त्यात बोटांना काही कळत नाही, फ्रेम धरताना माश्या चिरडतात. शिवाय चामड्यात अडकलेल्या जुन्या नांग्यांचा वास राहतो, तो पुढच्या तपासणीला माश्यांना चिथावतो. पण उघडे हात ही सगळ्यांसाठीची गोष्ट नाही. डंख बसला की नवख्या माणसाचा हात झटकला जातो, आणि फ्रेम हातातून सुटली तर पुढचं सांगायला नको. डॉक्टर वापरतात तसे निळे नायट्राइलचे पातळ मोजे घाला. नांगी त्यातूनही जाते, पण पुष्कळदा वरवर लागते. बोटांना स्पर्श कळतो, आणि काम झालं की फेकून देता येतात. मनगटावर मोजा आणि बाही यांच्यात फट राहते, तिथे जुन्या सुती मोज्याचा पंजा कापून चढवा. घोट्यांसाठी पँटचे पाय मोज्यांत खोचा. मोजे फिकट रंगाचे असू देत. माश्या खालून वर चढतात आणि कपड्यात अडकल्या की चावतात.

काळे, गडद, लोकरीचे कपडे नकोत. फिकट, गुळगुळीत सुती कापड बरं. आणि ते दर वेळी धुवा. डंखाच्या वेळी सुटणाऱ्या वासातला मुख्य घटक आयसोपेंटिल अ‍ॅसिटेट, पिकल्या केळ्याच्या वासात असतो तोच. इथले मधपाळ तपासणीच्या आधी केळं खात नाहीत. थट्टा वाटते, पण मीही खात नाही.

———

घाटावरचा

यारा_काठी, पटलं. केवडाताईंनी नायट्राइलचे वापरून बघावेत. खोबरेल तेल, गजरा, अत्तर, पावडर हेही त्या दिवशी नको. अंगठी आणि बांगड्या आधीच काढून ठेवा. बोट सुजलं की अंगठी कापावी लागते.

———

तालुक्याचा_डॉक्टर

केवडाताई, तुमच्या तिसऱ्या प्रश्नासाठी लिहितोय. बाकी सगळं हे दोघं माझ्यापेक्षा चांगलं सांगतायत.

गांधीलमाशीचं आणि मधमाशीचं विष वेगळं असतं. एकाची अ‍ॅलर्जी असली म्हणजे दुसऱ्याची असतेच असं नाही. पण चावल्या जागेपासून लांब, अंगभर पित्त उठणं ही साधी सूज नव्हे. शरीराने सर्वांगाने दिलेली ती प्रतिक्रिया आहे. पुढच्या वेळी ती तेवढ्यावर थांबेल याची हमी कोणी देऊ शकत नाही. सासूबाईंना अ‍ॅलर्जीच्या तज्ज्ञाकडे न्या, रक्ताची किंवा त्वचेची चाचणी करून मधमाशीच्या विषाबद्दलही खात्री करून घ्या. तोवर पेटी उघडाल तेव्हा त्या घरात, दारं-खिडक्या बंद. त्यांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर त्यांची नावंही डॉक्टरांना सांगा. बीटा ब्लॉकर गटातली गोळी असेल तर गंभीर अ‍ॅलर्जीवर देतात त्या अ‍ॅड्रेनॅलिनच्या इंजेक्शनचा परिणाम कमी पडू शकतो. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही.

आता सगळ्यांसाठी. डंख बसलेली जागा दुखणं, लाल होणं, सुजणं हे व्हायचंच. कधी मनगटावरचा डंख कोपरापर्यंत सुजतो आणि सूज काही दिवस राहते. दिसायला भयंकर, पण बहुतेकांना त्याचा पुढे धोका नसतो. बर्फ, हात उंच ठेवणं, खाजेवर अ‍ॅलर्जीची गोळी, एवढ्यावर निभावतं. घाबरायचं कधी? अंगभर गाठी, ओठ-जीभ-पापण्या सुजणं, आवाज बसणं, घशाशी आवळल्यासारखं वाटणं, धाप, वांत्या, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी. हे बहुधा काही मिनिटांतच सुरू होतं. त्यावर औषध एकच, अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत. सेट्रिझिनसारखी अ‍ॅलर्जीची गोळी त्याची जागा घेत नाही, माझ्याकडे येणारे बरेच जण घरी गोळी देऊन वाट बघत बसलेले असतात. माणसाला आडवं झोपवा, पाय उंच करा, धाप असेल तर टेकून बसवा. उठवून चालवू नका. १०८ ला फोन करा, किंवा गाडी दारात असेल तर थेट निघा. इंजेक्शननंतर बरं वाटलं तरी काही तास दवाखान्यात थांबा, कारण लक्षणं परत उलटू शकतात.

जवळच्या आरोग्य केंद्रात रात्री आणि रविवारी कोण असतं, हे पेट्या ठेवणाऱ्याने आजच विचारून ठेवावं.

तोंडात, घशात किंवा डोळ्यावर डंख बसला, किंवा एकदम डझनावारी डंख बसले, तर अ‍ॅलर्जी नसली तरी दवाखाना. खूप डंखांचं विष स्नायू आणि मूत्रपिंडांना इजा करतं, आणि ते पहिल्या दिवशी दिसतंच असं नाही. लहान मुलांना कमी डंखही जास्त होतात.

———

नदीकाठचा_बगळा

डॉक्टरसाहेब, नांगी चिमटीत धरून उपटायची नाही, विष आणखी आत जातं, नख किंवा कार्ड घासूनच काढायची, असं आम्हाला शिकवलंय. आणि वर लोखंड घासायचं. आजीचा उपाय, हमखास.

———

तालुक्याचा_डॉक्टर

कार्ड शोधायला खिशात हात घालाल तेवढ्यात विष आत गेलेलं असतं. नांगीबरोबर विषाची पिशवी तुटून राहते आणि तिचे स्नायू स्वतःहून विष ढकलत राहतात. पहिल्या अर्ध्या मिनिटात बहुतेक काम उरकतं. १९९६ साली 'लॅन्सेट'मध्ये यावर प्रयोग छापून आला होता: चिमटीने काढली की खरवडून, यापेक्षा किती लवकर काढली याने फरक पडतो. तेव्हा नखाने, चिमटीने, जशी निघेल तशी काढा, पण लगेच.

लोखंड घासल्याने काही होत नाही, गार लोखंडाने बरं वाटत असेल तर घासा. चुना मात्र लावू नका, कातडी भाजते. चुन्याने पोळलेला डंख हा दोनदा घेतलेला त्रास.

———

घाटावरचा

यात एक जोड. नांगी काढल्यावर त्या जागेवर धुराची फुंकर मारा. वास तिथेच राहतो आणि दुसरी माशी नेमकी तिथेच येते. बुरख्यात माशी शिरली तर पेटीजवळ बुरखा काढायचा नाही. शांतपणे पंधरा-वीस पावलं लांब जा, बाहेरूनच जाळीवर दाबून तिला मारा किंवा तिथे बुरखा उघडा. बुरख्याखाली कड असलेली टोपी घाला. जाळी नाकाला टेकली तर जाळीचा उपयोग शून्य.

———

मधुकर_नव्हे

मी आठ-दहा वर्षं पेट्या सांभाळतोय, अंगावर बनियन. बुरखा नाही, धूर नाही. माझ्या माश्या मला ओळखतात. भीती त्यांना कळते, एवढंच सांगेन.

———

पळसपान

मधुकर_नव्हे, हंगामातली कामकरी माशी जेमतेम सहा आठवडे जगते. होळीला तुमच्याशी ओळख झालेली माशी अक्षय्य तृतीयेला उरत नाही, मग ओळखतं कोण? भीती कळते म्हणजे घाबरलेल्या माणसाचा हात झटकतो, श्वास जोरात चालतो. माश्यांना झटका आणि श्वासाची वाफ चिडवते. तुमचा हात सवयीने संथ झालाय, श्रेय त्याला द्या. आणि बनियनवरचा फोटो कुठे टाकू नका, कोणीतरी नवा पोरगा नक्कल करेल.

बाकी मी विदर्भातला, मेलिफेरा, सूर्यफुलावर आणि इतर पिकांवर पेट्या नेतो. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये दहाची वेळ चालत नाही, ऊन तापायच्या आत उरकावं लागतं. मेलिफेरा झाडाचा डिंक आणून फटी चिकटवते, सातेरी तसं करत नाही. त्यामुळे आमची झाकणं आणि फ्रेम कडकन सुटतात, आणि तो हादरा म्हणजे आत घंटा वाजल्यातच जमा. हाइव्ह टूल (पेटी उघडायची लोखंडी पट्टी) कोपऱ्यात घालून हळूहळू सोडवायचं, एका झटक्यात नाही. केवडाताई, या बाबतीत तुमची सातेरी गुणी आहे.

———

मधुकर_नव्हे

बरं. बनियनवर शर्ट घालीन.

———

तालुक्याचा_डॉक्टर

मधुकर_नव्हे यांच्यासाठी थोडं अवांतर. "डंख खाऊन खाऊन सवय होते" हे अर्धं खरं आहे. वर्षाला शेकडो डंख घेणाऱ्या मधपाळांत अ‍ॅलर्जी कमी आढळते, आणि मोजकेच डंख घेणाऱ्यांत जास्त. म्हणजे परसात दोन पेट्या असणारा हौशी माणूस आणि त्याच्या घरचे, यांनीच जास्त जपायला हवं. यावरून कोणी स्वतःला मुद्दाम चावून घेऊ नये.

———

यारा_काठी

इथे ऑस्ट्रेलियात अ‍ॅड्रेनॅलिनचं भरलेलं तयार इंजेक्शन-पेन डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय औषधाच्या दुकानात मिळतं, आमच्या मधपाळांच्या गटात कोणी ना कोणी जवळ बाळगतंच. तिकडे?

———

तालुक्याचा_डॉक्टर

आपल्याकडे ते पेन सहज मिळत नाही. साधी अ‍ॅम्प्यूल (औषधाची काचेची कुपी) दवाखान्यात असते, पण ती सिरिंजमध्ये भरून, मोजून, थरथरत्या हाताने टोचणं घरच्यांना जमणारं नाही. ज्यांना आधी गंभीर प्रतिक्रिया आली आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांकडून घरच्या एकाला तरी शिकवून, लिहून घ्यावं. म्हणूनच मी दवाखान्याचं अंतर आणि गाडीबद्दल आधी बोललो.

———

केवडा

सगळ्यांचे आभार. सासूबाईंना पुढच्या आठवड्यात रत्नागिरीला दाखवायचं ठरलंय, त्या "एवढं काय त्यात" म्हणतायत, पण येतील.

दोन नवे प्रश्न. परवा शेजारच्यांनी ब्रश कटरने गवत काढलं तेव्हा माश्या एकदम खवळल्या, त्यांच्या गड्याला दोन डंख बसले. शेजाऱ्यांचं बोलणं ऐकून घ्यावं लागलं. आणि दोनपैकी एक पेटी अचानक चिडकी झालीय. दोघींना सारखंच हाताळते, तरी एकीजवळ नुसतं उभं राहिलं तरी अंगावर येतात.

———

पळसपान

ब्रश कटरचा आवाज, हादरा आणि ताज्या कापलेल्या गवताचा वास, तिन्ही एकत्र. पेट्यांच्या आसपासचं गवत विळ्याने, संध्याकाळी माश्या परतल्यावर काढा. मशीन चालवायचीच असेल तर भल्या पहाटे दार जाळीने बंद करून, काम लवकर उरकून, उन्हाआधी उघडायचं. शेजाऱ्यांना तारीख आधी विचारून घ्या. तपासणीच्या दिवशीही त्यांना कळवा, वाळत घातलेले कपडे आणि बांधलेली गुरं-कुत्रं तेवढा वेळ लांब न्या. बांधलेल्या जनावराला पळता येत नाही.

दारासमोर पुरुषभर उंचीचं कुंपण किंवा शेडनेट लावा, माश्या उंच उठून जातात, माणसांच्या डोक्याच्या पातळीला उडत नाहीत. आणि पसरट भांड्यात खडे टाकून पाणी ठेवा, नाहीतर त्या शेजाऱ्यांच्या नळावर जाणारच.

———

घाटावरचा

चिडक्या पेटीला आत कारण असतं. राणी आहे का बघा, निदान ताजी अंडी दिसतायत का. राणी गेलेली वसाहत अस्वस्थ असते, उघडल्यावर तिचा आवाजही वेगळा, लांबट घोंघावल्यासारखा येतो. राणी असेल तर मुंग्या चढतायत का, दारावर गांधीलमाश्या टपून आहेत का, दुसऱ्या पेटीच्या माश्या मध चोरायला येतायत का बघा. दाराशी झोंबाझोंबी आणि मेलेल्या माश्या दिसल्या तर चोरीच. दार एका माशीपुरतं लहान करा, साखरेचा पाक संध्याकाळीच द्या आणि बाहेर थेंब सांडू देऊ नका. एखाद्या पोळ्यात मेणकिड्याची जळमटं असतील तर ते पोळं काढा.

काहीच सापडलं नाही तर थोडे दिवस उघडू नका. सातेरीला दर दोन दिवसांनी उघडून बघणं तिला मानवत नाही. हंगामात आठ-दहा दिवसांनी एकदा, तेही थोडक्यात. पावसाळ्यात तर पाक द्यायचा आणि वरूनच अंदाज घ्यायचा.

———

कडू_कारलं

आता खरंच विचारतो. आमच्या इमारतीच्या सज्जाखाली मोठं आग्यामोहोळ आहे. हाच धूर, हाच बुरखा घेऊन ते काढता येईल का?

———

पळसपान

नाही. अजिबात नाही. सातेरी-मेलिफेरा पेटीत राहतात, आग्या उघड्यावर एकच मोठं पोळं करते, आणि खवळली की शेकडोंनी लांबवर पाठलाग करते. खालून मशाल-धूर करणं तर मूर्खपणा. प्रशिक्षित माणूस बोलवा. पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, १९६२ पासूनची. महाबळेश्वरला खादी ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे. तिथे विचारा. दगड मारणारी पोरं आवरा. आग्या मागे लागलीच तर तोंड झाकून सरळ पळत बंद खोलीत किंवा गाडीत शिरायचं. पाण्यात उडी मारायची नाही, माश्या वर थांबून राहतात.

———

केवडा

राणी नाही! ताजी अंडी एकही नाही, आणि दोन राणीघरं (नवी राणी वाढवायच्या कोठड्या) बांधलेली दिसली. आता समजलं का चिडल्या होत्या त्या. नायट्राइलचे मोजे आणि मोज्यांत खोचलेली पँट, एकही डंख नाही.

आता पेट्या मागच्या दारापासून बागेच्या टोकाला न्यायच्यात. उचलून एकदम नेऊ?

———

घाटावरचा

राणीघरं आहेत तोवर पेटी हलवायची नाही, नवी राणी निघून, मिलनासाठी बाहेर जाऊन, परत येऊन अंडी घालेपर्यंत थांबा. साधारण तीन-चार आठवडे धरा. तेवढे दिवस फ्रेमही उचलू नका.

दुसरी पेटी हलवू शकता. पण बागेच्या टोकापर्यंत एकदम नेलीत तर चरून आलेल्या माश्या जुन्याच जागी घिरट्या घालत बसतील, तुमच्या मागच्या दारापाशी. रोज संध्याकाळी फूट-दीड फूट सरकवत न्या. घाई असेल तर रात्री दार जाळीने बंद करून तीन-चार किलोमीटर लांब कुणाच्या बागेत दोन-तीन आठवडे ठेवा, मग परत आणून हव्या त्या जागी मांडा. उचलताना फ्रेम हलू नयेत म्हणून पट्टा आवळा, आणि मुंग्या चढू नयेत म्हणून स्टँडच्या पायांखाली ठेवतो त्या पाण्याच्या वाट्या नव्या जागीही लागतील. पावसाआधी करून टाका.